पन्नाशीत स्टँडर्ड हेराल्ड घेताना आधी गाडीखाली शिरा

उघड्या टपाची जुनी स्पोर्टी गाडी घ्यायची हौस माणसाला विशीत लागते आणि खिसा साथ देतो तो पन्नाशीच्या आसपास. जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसच्या हिरवळीवर 21 गन सल्यूटचा जुन्या गाड्यांचा सोहळा झाला, तेव्हा ही हौस अनेक बडोदेकरांच्या मनात पुन्हा वर आली असेल. तिथल्या संस्थानी गाड्या डोळे भरून पाहायच्या. मध्यमवर्गीय घराला खरोखर सांभाळता येईल अशी मात्र एकच उघडी ब्रिटिश गाडी आपल्याकडे आहे, ती म्हणजे स्टँडर्ड हेराल्ड.

ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडमध्ये 1959 ला आली. तिचं रूप इटलीच्या जोव्हानी मिकेलॉत्ती यांनी रेखलं. 1961 पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती इथे बांधली. 1962 ची ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्स कार याच हेराल्डची चासी आखूड करून केलेली आहे, म्हणून हेराल्डला स्पोर्ट्स कारची सख्खी बहीण म्हणायला हरकत नाही. रॅक अँड पिनियन स्टिअरिंग, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, आणि 25 फुटांत पूर्ण वळण. दांडिया बाजारच्या वाड्यातून किंवा मांडवीकडच्या अरुंद गल्लीतून गाडी काढायची असेल तर या 25 फुटांची किंमत कळते. पन्नाशीतल्या पाठीलाही ती मानवते. बोनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं, आणि पुढच्या टायरवर बसून, कंबर न वाकवता टॅपेट लावता येतात.

आता मुद्द्याचं. ही गाडी पाहायला जाणारा माणूस रंग पाहतो, मग इंजिन सुरू करून ऐकतो. दोन्ही शेवटी पाहायच्या गोष्टी आहेत. 948 सीसीचं हे इंजिन (63 मिमी बोअर, 76 मिमी स्ट्रोक) साधं आहे. मकरपुरा जीआयडीसीत बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगचं काम रोज चालतं, तिथे असं इंजिन पुन्हा उभं करता येतं. सडलेली चासी आणि चुकीची कागदपत्रं मात्र पैसे ओतूनही सरळ होत नाहीत.

म्हणून जाताना जुनी चादर, टॉर्च, लोहचुंबक आणि बोथट स्क्रूड्रायव्हर न्या. हेराल्डला वेगळी चासी आहे आणि बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली आहे. मधल्या कण्यातून बाजूंना जे आडवे हात निघतात ते आधी गंजतात, त्यातही डिक्कीखालचे. त्यानंतर डिफरन्शियल जिथे टांगलंय ती जागा पाहा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. खणखणीत आवाज हवा. थप्प आवाज आला तर आत पत्र्याचे पापुद्रे आहेत किंवा वरून ठिगळ मारलंय. डांबराचा ताजा, जाड थर दिसला तर तो कशासाठी मारला, असं स्पष्ट विचारा. चुंबक दारांच्या खालच्या कडांना, पायाखालच्या पत्र्याला आणि पुढच्या बंपरखालच्या पट्टीला लावत जा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. दाराच्या फटी वेड्यावाकड्या असल्या तरी लगेच घाबरू नका, बॉडीखालच्या पॅकिंगच्या चकत्या कमी-जास्त करून त्या जुळतात. फट वर अरुंद आणि खाली रुंद होत असेल तर मात्र चासी मध्ये खचलीय, आणि ती गाडी सोडून द्यायची.

बडोद्यातली गाडी असेल तर आणखी एक तपासणी लागते. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं आणि तळघरांत, बंगल्यांच्या आवारात उभ्या गाड्या बुडाल्या. वर्षानुवर्षं एका जागी झाकून ठेवलेली हौशी गाडी अशा वेळी हलवता येत नाही. हेडलाइट काढून मागच्या वाटीत गाळाची रेघ आहे का पाहा. सीटखालच्या स्प्रिंगा, डॅशबोर्डच्या मागची वायरिंग, आणि चासीच्या पोकळ नळ्यांची भोकं तपासा. भोकात तार घालून फिरवली की सुकलेला गाळ बाहेर येतो. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं तेल बोटावर घ्या, दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय आणि बेअरिंगं गंजली असण्याची शक्यता मोठी.

आता ज्या भागावर या गाडीत जीव टांगलेला असतो तो भाग. पुढच्या प्रत्येक चाकामागे एक उभा पोलादी दुवा असतो. त्याचं खालचं टोक आट्यांचं असून ते पितळी ट्रनियनमध्ये, म्हणजे आतून आट्या पाडलेल्या आधारात फिरतं. स्टिअरिंग वळवलं की या आट्या ट्रनियनमध्ये फिरतात. इथे तेल घालायचं असतं, ईपी 90 गिअर ऑइल. ग्रीस नाही. आपल्याकडच्या गॅरेजांत निपल दिसला की ग्रीसगन लावायची सवय आहे आणि या गाडीत तीच घात करते. घट्ट ग्रीस वरच्या आट्यांतच अडकतं, खाली पाणी साठतं, आट्या गंजून बारीक होतात आणि एके दिवशी वळणावर दुवा खालून तुटतो. चाक आडवं पडतं. गाडी जॅकवर घ्या, चाक वर-खाली दोन्ही हातांनी धरून हलवा आणि दुसऱ्या माणसाला ट्रनियनकडे बघायला सांगा. तिथे खेळ दिसला, किंवा स्टिअरिंग एका बाजूला जड होऊन आपोआप सरळ येत नसेल, तर दुवा आणि ट्रनियन जोडीने बदलायचे, दोन्ही बाजूंचे. मागचा इतिहास कळत नसेल तर गाडी घरी येताच हे काम करा, बाकी सगळं थांबू द्या. त्यानंतर दर 10,000 किलोमीटरला आणि प्रत्येक पावसाळ्याआधी तेल भरा, वरच्या सीलमधून तेल पाझरेपर्यंत.

मागच्या बाजूला आडवा पाटा आणि स्विंग अ‍ॅक्सल, म्हणजे चाकाबरोबर वर-खाली झुलणारा अ‍ॅक्सल आहे. पाटा बसला की मागची चाकं वरून आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने झिजतात. प्रत्येक बाजूला एक क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट, अ‍ॅक्सलचा फिरता सांधा) आहे. गाडी पुढे-मागे ढकलताना ‘टक’ असा आवाज आला तर क्रॉस गेलाय. चालवणाऱ्यानेही एक लक्षात ठेवायचं. या मांडणीत वळणावर मध्येच अ‍ॅक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक मारला की मागचं बाहेरचं चाक अंगाखाली दुमडतं आणि गाडी मागून फिरते. वेग वळणाच्या आधी कमी करा आणि वळणात हलका पाय ठेवून चालवा. हेराल्डनंतर स्टँडर्डनेच काढलेल्या, 1972 ते 1977 या काळातल्या गझेलला साधा सरळ अ‍ॅक्सल आहे, त्यामुळे तिच्यात ही भीती नाही, पण ती चार दारांची सलून आहे आणि उघड्या टपाची मजा तिच्यात नाही.

उघड्या टपावरून एक मोठा घोळ होतो. हेराल्डच्या सलूनचं छप्परही बोल्टांनी बसवलेलं असतं, त्यामुळे छप्पर काढून, हुड शिवून ‘कन्व्हर्टिबल’ म्हणून विकणं सोपं जातं. आरसी बुकात बॉडीचा प्रकार काय लिहिलाय ते पाहा. तिथे सलून आणि समोर उघडी गाडी असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे हा परवानगी न घेता केलेला बदल ठरतो. शिवाय व्हिंटेज नोंदणीला गाडी मूळ रूपात लागते, तो रस्ताही अडतो. माझं मत विचाराल तर अशा गाडीपेक्षा छप्पर असलेली अस्सल दोन दारांची हेराल्ड घेतलेली बरी.

इंजिनकडे आता या. एका माणसाला क्लच दाबायला आणि सोडायला सांगा आणि तुम्ही पुढच्या क्रँक पुलीकडे बघा. पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे-मागे सरकली तर क्रँकला जागेवर धरणारे थ्रस्ट वॉशर झिजलेत. क्रँकची पुढे-मागे मोकळीक 0.10 ते 0.20 मिमी हवी. हे अर्धचंद्री वॉशर मागच्या मेन बेअरिंगपाशी असतात. फार झिजले की सुटून सम्पमध्ये (इंजिनच्या तळाच्या तेलपात्रात) पडतात आणि क्रँक थेट ब्लॉकला घासायला लागतो. वेळेवर लक्षात आलं तर इंजिन न उतरवता, फक्त सम्प काढून ते बदलता येतात. बसवताना त्यांच्या खाचा क्रँकच्या बाजूला हव्यात. झिजण्याचं मुख्य कारण म्हणजे सिग्नलला क्लच दाबून उभं राहणं. काला घोड्याच्या चौकात थांबलात तर न्यूट्रल करा आणि पाय उचला.

कम्प्रेशन गरम इंजिनवर, चारही प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडून मोजा. सिलिंडरांमध्ये 10 टक्क्यांहून जास्त फरक नको. कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर रिंगा, तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हचा प्रश्न या इंजिनात यायचाच, कारण ते शिशाच्या पेट्रोलसाठी बनलं होतं आणि 1 फेब्रुवारी 2000 पासून ते पेट्रोल देशात बंद झालं. शिशाचा लेप गेल्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हेडमधली बिडाची बैठक खात खाली बसतो. टॅपेटची 0.25 मिमी फट पुन्हा पुन्हा आवळत जाताना दिसली की ओळखा. हेड उतरेल तेव्हा कडक सीट बसवून घ्या.

आताच्या ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा त्रास वेगळा आहे. त्यातलं इथेनॉल जुनी रबरी नळी आणि पेट्रोल पंपाचा पडदा फुगवून मऊ करतं, टाकीत ओल धरतं, आणि हवेच्या मानाने इंधन कमी पडून मिश्रण पातळ झाल्यामुळे इंजिन तापतं. नळ्या एसएई जे30 आर9 दर्जाच्या घाला, पंपाच्या किटमध्ये इथेनॉलला टिकणारा पडदा आहे याची खात्री करा आणि कार्बोरेटरचा मेन जेट एक पायरी मोठा लावून प्लगचा रंग पाहा. फिकट बदामी हवा. पांढरा दिसला तर अजून मोठा जेट. महिनाभर गाडी हलणार नसेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे ठेवा.

तापण्याची परीक्षा बडोद्याच्या सपाट रस्त्यावर होत नाही. सौदा ठरण्याआधी मालकाला बरोबर घेऊन पावागढला, माचीपर्यंत चढवा. तिथे काटा वर गेला तर बहुतेक वेळा दोष ब्लॉकमध्ये असतो. मागच्या, चौथ्या सिलिंडरभोवती वर्षानुवर्षांचा गंज आणि बोअरवेलच्या पाण्याचा क्षार साचतो आणि रेडिएटर नवा घातला तरी पाणी तिथे फिरत नाही. ब्लॉकचा ड्रेन उघडून तार घालून तो मोकळा करावा लागतो.

टायर जुळवणं सोपं आहे. मूळच्या 5.20-13 च्या जागी 145/80 आर13 रेडियल बसतो, जुन्या वॅगन आरचा तोच माप. वायरिंगला हात लावण्याआधी अर्थ, म्हणजे बॅटरीचं बॉडीला जोडलेलं टोक, पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह हे बघा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बऱ्याचदा पॉझिटिव्ह असतो आणि उलटा जोडलेला इलेक्ट्रॉनिक इग्निशन क्षणात जळतो.

सुट्या भागांचं गणित हेराल्डच्या बाजूने आहे. ट्रनियन, थ्रस्ट वॉशर, ब्रेकचे किट, क्रॉस हे सगळं इंग्लंडच्या कॅनली क्लासिक्स आणि रिमर ब्रदर्सकडे अजून मिळतं. मात्र 1968 नंतरची चार दारांची हेराल्ड फक्त भारतात बनली, म्हणून तिची मागची दारं किंवा गझेलची जाळी इंग्लंडमध्ये मिळायची नाही. बॉडीचा भाग कमी असलेली गाडी स्वस्त वाटली तरी घेऊ नका.

शेवटी कागद, आणि इथे घाई नको. हाताने लिहिलेलं जुनं आरसी पुस्तक असेल तर गाडी वाहन पोर्टलवर दिसत नाही. मूळ आरटीओत बॅकलॉग नोंद (जुनी नोंद पोर्टलवर चढवणं) झाल्याशिवाय नावबदल पुढे सरकत नाही, म्हणून ती नोंद विकणाऱ्याकडून आधी करून घ्या आणि पूर्ण रक्कम त्यानंतरच द्या. चासी आणि इंजिन नंबर पुस्तकाशी स्वतः ताडून पाहा, पेन्सिलने ठसा घ्या. नावबदलाला फॉर्म 29 आणि 30, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म 28 ची एनओसी, जुनं कर्ज नोंदलेलं असेल तर फॉर्म 35. नोंदणीची मुदत संपली असेल तर फॉर्म 25 आणि फिटनेस तपासणी. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या चारचाकीला नूतनीकरणाचे 10,000 रुपये लागतात.

2021 च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेल्या गाडीची व्हिंटेज नोंदणी होते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, आणि नव्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्तीसाठी. रविवारी सकाळी सूरसागरला एक फेरी मारून यायचं असेल तर चालू नोंदणीचं नूतनीकरण करत राहणं सोयीचं. विम्यात गाडीची किंमत कंपनीशी बोलून ठरते, त्यासाठी फोटो आणि झालेल्या कामाची बिलं जपून ठेवा.

सगळं जुळलं आणि गाडी दारात आली की पहिल्या आठवड्यात हे करा: इंजिनमध्ये सुमारे चार लिटर 20डब्ल्यू-50, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं तेल नवं, ब्रेक फ्लुइड आणि चाकांचे सिलिंडर रबर नवे, पॉइंटची फट 0.38 मिमी, प्लगची 0.64 मिमी. रबरी बुश बदललेत तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच आवळा, जॅकवर आवळले तर बुश पिळून फाटतात. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाका, त्याला सिंक्रो (गिअरचे वेग जुळवून देणारी रचना) नाही.