ऑयगेन हूबर : एका परिच्छेदात एकच वाक्य
(माजी विद्यार्थ्याचे मनोगत)

‘एका वाक्यात एकच गोष्ट सांगा,’ हा आपल्या शाळेतल्या मराठीच्या तासाचा आग्रह. याच आग्रहाने एका माणसाने अख्ख्या स्वित्झर्लंडची दिवाणी संहिता, म्हणजे विवाह, वारसा, मालमत्ता यांचा कायदा, लिहिली. आज दहावी-बारावीत असलेल्या आणि पुढे कायद्याकडे वळू पाहणाऱ्या मुलामुलींना त्याची ओळख व्हावी, म्हणून स्मरणिकेतली ही जागा मी त्याच्यासाठी वापरतो आहे.

ऑयगेन हूबर यांचा जन्म १३ जुलै १८४९ रोजी झ्युरिक कँटनमधल्या (कँटन म्हणजे स्वित्झर्लंडमधले घटक राज्य) ओबरश्टामहाइम या गावी झाला. वडील डॉक्टर होते. १८७२ मध्ये स्विस वारसा कायद्यांवर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढे ‘न्यूए झ्युर्शर झायटुंग’ या वृत्तपत्राचे संपादकपद सांभाळले आणि मग आपेनझेलमधल्या ट्रोगेन गावात तपास न्यायाधीश म्हणून काम केले. चरित्रकार या ट्रोगेनच्या वर्षांवरून भरभर पुढे जातात, पण मला ती निर्णायक वाटतात. तिथे छापील दिवाणी संहिताच नव्हती. लोक रूढीने वागत आणि न्यायालय रूढीनेच निवाडा देई. संहिता नसतानाही कायदा नांदतो, हे हूबर यांनी तिथे जवळून पाहिले.

शेजारच्या कँटनांत मात्र निराळेच चित्र होते. जिनिव्हा आणि व्हो फ्रेंच धाटणीचे, बर्न ऑस्ट्रियन वळणाचे, तर झ्युरिकची स्वतःची संहिता. जोडप्याने बिऱ्हाड एका कँटनातून दुसऱ्यात हलवले, की पत्नीच्या मालमत्तेचे काय, असा प्रश्न उभा राही. सगळा कायदा केंद्राकडे द्यावा, हा प्रस्ताव १८७२ मध्ये जनमतात पडला. म्हणून वकील संघटनेने आधी मोजणी करून घेतली : सर्व कँटनांचे कायदे एकमेकांशेजारी मांडायचे. हे काम तेव्हा बाझेलमध्ये प्राध्यापक असलेल्या हूबर यांच्याकडे आले आणि १८८६ ते १८९३ या काळात त्याचे चार खंड निघाले. कोणाचे काय जपायचे, काय सोडायचे, हे ठरवायला आता हातात पुरावा होता. १३ नोव्हेंबर १८९८ रोजी जनतेने राज्यघटनेत बदल करून दिवाणी कायदा केंद्राकडे सोपवला.

मसुदा एका झटक्यात आला नाही. विवाह, वारसा, जमिनीवरील गहाण असे तुकडे आधी चर्चेला टाकले गेले. १९०० साली पूर्ण मसुदा, त्यानंतर तज्ज्ञ समिती, १९०४ मध्ये संसद. हूबर १९०२ पासून राष्ट्रीय परिषदेचे, म्हणजे संसदेच्या एका सभागृहाचे, सदस्य होते, त्यामुळे ज्याने लिहिले त्यालाच सभागृहात प्रत्येक कलमाचे समर्थन करावे लागले. फ्रेंच भाषेतली मांडणी खासदार व्हर्जिल रोसेल यांनी सांभाळली. १० डिसेंबर १९०७ रोजी संहिता एकमताने मंजूर झाली आणि १ जानेवारी १९१२ पासून लागू झाली.

आता लेखनाचे नियम. कलमात फार तर तीन परिच्छेद, परिच्छेदात एकच वाक्य, आणि समासात टीप, जी कायद्याचाच भाग. मूळ १४व्या कलमातले एक वाक्य जर्मनमध्ये अवघ्या तीन शब्दांचे होते : लग्नाने माणूस सज्ञान होतो. जर्मन संहितेची २३८५ कलमे, हूबर यांची ९७७. इतके आखूड लिहिले की फटी राहणारच, आणि त्या त्यांनी लपवल्या नाहीत. पहिलेच कलम सांगते : कायद्यात तरतूद नसेल तर न्यायाधीशाने रूढी पाहावी; रूढीही नसेल तर आपण स्वतः कायदा करणारे असतो तर जो नियम केला असता, त्यानुसार निकाल द्यावा. मात्र त्याने कसोटीला उतरलेले शास्त्र आणि परंपरा यांना धरून राहावे. पुष्कळ जण पहिला भाग तेवढा उद्धृत करतात आणि हा लगाम विसरतात.

त्यांची पद्धत कळायला मूळ संहितेतली शेतीच्या वारशाची कलमे वाचावीत (१९९४ पासून हा विषय वेगळ्या कायद्यात आहे). शेत एकसंध राहावे म्हणून ते कसायला लायक आणि तयार असलेल्या एका वारसाला द्यायचे, आणि त्याची किंमत बाजारभावाने नव्हे तर उत्पन्नावरून धरायची. कारण साधे आहे : बाजारभावाने भावंडांचे हिस्से चुकते करायचे म्हटले तर शेत घेणारा पहिल्याच वर्षी कर्जात बुडतो. मग भावंडांवर अन्याय नको म्हणून, शेत पुढे ठरावीक मुदतीत विकले गेले तर नफ्यात त्यांचा वाटा. आपल्याकडे मुंबई प्रांतात १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा आला. तो जमिनीचे तुकडे पाडण्याला मनाई करतो. पण एकाने जमीन घेतली तर इतरांना काय दराने द्यायचे, हा सवाल घरोघरी पेटतोच. हूबर यांनी तो थेट कलमात सोडवला, याचे मला फार मोल वाटते.

एक ठिकाण मात्र मान्य होण्यासारखे नाही. पती हा कुटुंबाचा प्रमुख, आणि पत्नीच्या नोकरी-व्यवसायाला त्याची संमती, असे मूळ संहितेत होते. स्त्रियांना स्वतंत्र व्यक्ती म्हणून पाहणाऱ्या कायद्यात हा डाग पाऊणशे वर्षे राहिला. १९८४ मध्ये निवडून आलेल्या पहिल्या महिला संघीय मंत्री एलिझाबेथ कोप, स्वतः कायदेपंडित, यांनी नव्या विवाह कायद्याची बाजू लढवली. २२ सप्टेंबर १९८५ रोजी जनमताने तो मान्य केला आणि १९८८ पासून पती-पत्नी समान झाले.

तुर्कस्तानने १९२६ मध्ये ही संहिता जवळपास जशीच्या तशी उचलली, तीही फ्रेंच पाठावरून. हूबर त्याआधीच, २३ एप्रिल १९२३ रोजी बर्नमध्ये वारले होते.

वाचायची असेल तर पहिली दहा कलमे आधी वाचा, नंतर समासातल्या टीपा सलग वाचून सांगाडा डोक्यात बसवा, आणि मग वारशाकडे जा. जर्मन, फ्रेंच आणि इटालियन हे तिन्ही पाठ सारखेच अधिकृत आहेत. इंग्रजी अनुवाद फक्त माहितीपुरता, त्यावर कोर्टात भिस्त ठेवता येत नाही.