निक आर्केडचं वेळापत्रक: शेवटच्या शुक्रवारने सगळी शीट हलवली

निक आर्केडचा कुठला भाग टीव्हीवर कधी लागला याची मी जी शीट बनवतेय ती या आठवड्यात बरीच पुढे सरकली, पण त्यासाठी आधी भरलेला एक अख्खा कॉलम पुसावा लागला, तेच आधी सांगते.

ज्यांनी हा शो बघितला नाही त्यांच्यासाठी: निकलोडियन या अमेरिकन चॅनेलचा मुलांचा गेम शो, होस्ट फिल मूर, शूटिंग ऑर्लँडोच्या युनिव्हर्सल स्टुडिओत. दोन सीझन, ८४ भाग, आणि हे सगळं एकाच वर्षात आटोपलं. पहिला भाग ४ जानेवारी १९९२ ला, शेवटचा नवीन भाग ६ नोव्हेंबर १९९२ ला.

आता, ४ जानेवारीला शनिवार होता. शो सुरुवातीला वीकेंडलाच लागायचा, त्यामुळे मी सरळ फॉर्म्युला टाकून सगळे शनिवार-रविवार भरत गेले. १ नोव्हेंबरपर्यंत ४४ वीकेंड होतात, म्हणजे ८८ जागा आणि भाग ८४, चार जागा कुठेतरी सुटल्या असतील असं धरलं की हिशोब छान बसतो, म्हणून मी निवांत होते. मग सहज शेवटच्या तारखेचा वार काढला तर शुक्रवार! वीकेंडच्या रांगेत शुक्रवार येणारच नाही. म्हणजे शेवटी शेवटी शो सोमवार ते शुक्रवार लागत होता, आणि तसं झालं की आठवड्याला दोनऐवजी पाच भाग संपतात, मग आधीच्या महिन्यांत ८८ जागांतल्या कितीतरी जागांवर नवीन भाग नसणार, जुनेच परत दाखवले असणार. हिशोब जुळला म्हणजे तारखा बरोबर असं नाही, हे आपल्यापैकी जे जे अशा शीट बनवतात त्यांनी खरंच लक्षात ठेवा. पहिली आणि शेवटची तारीख मिळाली की आधी दोन्हींचे वार बघा, मग मधलं भरा.

दुसरी गोष्ट गेम्सची. व्हिडिओ चॅलेंज या फेरीत मुलांना ३० सेकंद खरा गेम खेळायला मिळायचा, सेगा जेनेसिस, सुपर निंटेंडो, निओ जिओ असे सगळे कन्सोल असायचे. मी विचार केला होता की गेमच्या रिलीजची तारीख घेतली की तो भाग त्याच्या आधीचा असू शकत नाही, एवढं तरी पक्कं करता येईल. पण नाही! या शोमध्ये सॉनिक २ या सेगाच्या गेमची अर्धवट, बाजारात न आलेली आवृत्ती दिसते. गेम अमेरिकेत आला २४ नोव्हेंबर १९९२ ला, मंगळवारी, आणि शोचा शेवटचा नवीन भाग त्याच्या १८ दिवस आधीच लागून गेलेला. २००६ मध्ये तशीच एक आवृत्ती बाहेर आली तिला सॉनिकवाले आजही निक आर्केड प्रोटोटाइप म्हणतात, एका मुलांच्या शोचं नाव असं टिकून राहिलंय याचा मला फार आनंद होतो. शीटपुरतं बोलायचं तर गेमचा कॉलम माहिती म्हणून ठेवलाय, तारीख ठरवायला वापरत नाहीये.

तिसरं पटकन. ज्या रेकॉर्डिंगच्या कोपऱ्यात निक गॅसचा (निकलोडियनचे जुने गेम शो परत दाखवणारं चॅनेल) लोगो आहे ती सगळी वेगळी काढली, कारण ते चॅनेलच १ मार्च १९९९ ला सुरू झालं. भागातला मजकूर उपयोगी, पण १९९२ च्या वेळेबद्दल त्यातून काहीच कळत नाही. नुसत्या क्रेडिट्समधल्या सालावरही जाऊ नका, ते निर्मितीचं साल असतं.

हे करताना एक व्हिडिओ झोन, म्हणजे जिथे मुलं गेमच्या आतच असल्यासारखी दिसतात ती शेवटची फेरी, चार वेळा बघितला. निळ्या पडद्यासमोर एक मुलगा उभा आहे, समोर खरं तर काहीच नाही, आणि तो बाजूच्या मॉनिटरकडे मान वळवून हवेत हात मारतोय. आपल्याला दिसतं की वस्तू अगदी त्याच्या बोटांजवळ आहे, त्याला मात्र आरशात बघून भिंतीवरचं बटण शोधावं तसं करावं लागतंय. तीन लेव्हल आणि सगळं मिळून ६० सेकंद! किती अवघड होतं ते.

आता पुनःप्रक्षेपणाची वेगळी शीट उघडलीये. नवीन भाग दहा महिने, आणि जुने भाग २८ सप्टेंबर १९९७ पर्यंत. त्या तारखेचा वार या वेळी आधीच काढून ठेवलाय, रविवार आहे.