फोमच्या हरणावर नेम कुठे धरायचा: तिरक्या कोनांच्या सरावाची नोंद

आडव्या उभ्या (एक बाजू पूर्ण आपल्याकडे असलेल्या) हरणावरचा नेम २५ मीटरपर्यंत पक्का बसला आहे. आता पुढचा टप्पा, हरीण तिरकं उभं असतानाचा. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे हरणाच्या शिकारीला बंदी आहे, त्यामुळे ही सगळी नोंद थ्रीडी तिरंदाजीतल्या, म्हणजे प्राण्याच्या आकाराच्या टार्गेटवर खेळायच्या तिरंदाजीतल्या, फोमच्या टार्गेटवरची आहे. कंपाउंड बो (चाकांचं धनुष्य), बाणाला साधी फील्ड पॉइंट (सरावाचं साधं टोक), टार्गेट व्हाइटटेल या अमेरिकी हरणाच्या मापाचं.

तिरक्या टार्गेटवर घोळ होतो तो एकाच कारणाने. गुणांचं वर्तुळ कातडीवर कोरलेलं असतं, पण फुफ्फुसं आणि हृदय छातीच्या पोकळीत मधोमध असतात. हरीण बरोबर आडवं असेल तर दोन्ही एका रेषेत येतात. ते जरा फिरलं की वर्तुळाच्या मधोमध बसलेला बाणसुद्धा आतून भलत्याच वाटेने जातो. म्हणून नेम ठरवताना बाण पलीकडून कुठे बाहेर पडेल हे आधी पाहायचं आणि तिथून मागे येत आत शिरण्याची जागा काढायची.

आधी आडव्याची उजळणी, कारण बाकीचं सगळं त्यावरून मोजायचं आहे. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने नजर वर न्यायची आणि छातीच्या खालच्या रेषेपासून अंगाच्या उंचीच्या एक तृतीयांशावर थांबायचं. हृदय या बिंदूच्या थोडं खाली, कोपराच्या जरा वर असतं. फुफ्फुसं वर आणि मागे पसरलेली असतात. त्यामुळे बाण चार बोटं वर किंवा मागे गेला तरी फुफ्फुसातच राहतो. थेट हृदयावर धरला आणि खाली घसरला, तर छातीखालून निघून जातो. खांद्याचं पातं खांद्याच्या टोकापासून वर आणि मागे जातं, दंडाचं हाड त्याच टोकापासून खाली आणि मागे कोपराकडे येतं. या दोघांमध्ये मागच्या बाजूला उघडी राहणारी जागा म्हणजे आपला बिंदू.

वरच्या बाजूला एक फसवी जागा आहे. खांद्याशी मणक्याची वरची हाडं लांब असतात, त्यामुळे खरा मणका पाठीच्या रेषेपासून बराच खाली असतो. पाठीच्या जवळ लागलेला बाण फुफ्फुसाच्या वर, मणक्याच्याही वर, नुसत्या मांसातून जातो. वर्ल्ड आर्चरी या तिरंदाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या थ्रीडी गुणपद्धतीत (११, १०, ८, ५) तिथे ५ मिळतात. नवख्यांचे बाण बहुतेक इथेच जमा होतात, कारण नजर पाठीच्या ठळक रेषेकडे ओढली जाते आणि पिन (धनुष्याच्या साइटमधला, ठरावीक अंतराला लावलेला नेमाचा ठिपका) तिच्यामागे जाते.

पायाच्या कडेचा आधार घेतानाही एक खबरदारी. पाऊल टाकण्याच्या पवित्र्यातल्या टार्गेटवर जवळचा पाय पुढे असेल तर त्याची मागची कडही पुढे सरकते, मागे असेल तर मागे. अशा वेळी पाय सरळ उभा असता तर कुठे आला असता, ती उभी रेषा खांद्यावरून मनाने खाली सोडायची. पुढे टाकलेल्या पायाच्या कडेवर विसंबलं की बाण हमखास खांद्याच्या हाडात.

आता तिरके कोन. हरणाचा मागचा भाग आपल्याकडे वळलेला असेल त्याला या नोंदीत पाठमोरं तिरकं म्हटलं आहे, छाती आपल्याकडे असेल त्याला सामोरं तिरकं. कोन म्हणजे हरीण आडव्या स्थितीपासून जितकं फिरलं तितके अंश.

पाठमोऱ्या तिरक्यात नेम पलीकडच्या पुढच्या पायाकडे. हिशोब सोपा आहे. बाण छातीच्या मध्यरेषेवर फुफ्फुसाच्या केंद्रातून जायला हवा असेल, तर शिरण्याची जागा नेहमीच्या बिंदूपासून मागे किती, याचं उत्तर छातीची निम्मी रुंदी गुणिले कोनाचा टॅन (त्रिकोणमितीतला tan). छाती ३० सेंटीमीटर रुंद धरली तर १५ अंशाला ४ सेंटीमीटर, ३० अंशाला साधारण ९, ४५ अंशाला १५. हे अंतर हरणाच्या अंगावर मोजायचं. आपल्या जागेवरून ते आखूड दिसतं, ४५ अंशाला १५ सेंटीमीटर डोळ्यांना साडेदहाइतकेच भासतात. डोळ्यांना दिसणारे १५ घेतले तर बाण गरजेपेक्षा बराच मागे पडतो. ६० अंशाला हिशोबाने २६ सेंटीमीटर मागे जावं लागतं, तिथे पोट सुरू झालेलं असतं. डाव्या बाजूला तर सरळ रवंथाचं मोठं पोट येतं. म्हणून सरावाची हद्द ४५ अंशांवर ठेवली आहे.

सामोऱ्या तिरक्यात हाच हिशोब उलटा लावला तर शिरण्याची जागा पुढे, थेट खांद्याच्या हाडांवर येते. हाड टाळून मागे धरलं तर बाण एकाच फुफ्फुसातून तिरका होऊन यकृताकडे आणि पोटाकडे निघतो. जिथे शिकार कायदेशीर आहे तिथले जाणते धनुर्धारी या कोनाला बाण सोडत नाहीत. समोरून आणि थेट मागूनही नाही. स्पर्धेत मात्र वर्तुळ दिसतंय तर मारावंच लागतं. म्हणून वहीत दोन रकाने ठेवावेत, एक गुणांचा आणि एक वाटेचा. पाठमोऱ्या ३० अंशांवर ११ मिळवणारा बाण वाटेच्या रकान्यात नापास होऊ शकतो. हे दोन आकडे शेजारी दिसले की डोळा पटकन तयार होतो.

वाट तपासण्याची पद्धत अशी. टार्गेटच्या पलीकडच्या अंगावर फुफ्फुसाच्या जागी २० सेंटीमीटरचं वर्तुळ खडूने काढायचं आणि कोपरावर एक फुली. बाण बसला की तो उपटायच्या आधी दीड मीटरची सरळ ॲल्युमिनियम पट्टी पाठीवरून आडवी, बाणाला समांतर धरायची. वरून पाहिलं की बाण कुठल्या दिशेने पलीकडे निघाला असता ते दिसतं. मग तीच पट्टी बाजूने बाणाच्या उताराला लावून किती खाली उतरला असता ते पाहायचं. दोन्ही रेषा जिथे मिळतात तिथे खडूचा ठिपका. पाठमोऱ्या तिरक्यात हा ठिपका वर्तुळाच्या पुढच्या भागात किंवा पलीकडच्या खांद्याच्या लगत पडायला हवा. वर्तुळाच्या मागे पडला तर शिरण्याची जागा फार मागे होती. खांद्याच्या पुढे, मानेच्या बुडाशी पडला तर फार पुढे.

पट्टी लावण्याआधी बाणाची शेपूट पाहावी. ती बाण सोडलेल्या जागेकडे रोखलेली हवी. बाजूला वळलेली असेल तर बाण डोलत आला आहे किंवा कडक फोमवर आपटून मुरडला आहे, आणि अशा बाणाची रेषा खोटं सांगते. तीन-चार बाणांच्या शेपट्या एकाच बाजूला वळलेल्या दिसल्या तर नेमाचा विचार बाजूला ठेवून आधी बो ट्यून करावा (बाण सरळ सुटेल अशी जुळणी करावी). आठवणीने तपासावं, नाहीतर चुकीच्या रेषेवरून नेम बदलत बसण्यात बाण वाया जातात.

अंतराचा अंदाज हा वेगळा विषय, पण नेमाशी बांधलेला. वर्ल्ड आर्चरीच्या थ्रीडीत अंतरं सांगितलेली नसतात, रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) चालत नाही, आणि कंपाउंडला ४५ मीटरपर्यंतचं टार्गेट येऊ शकतं. ८० मीटर प्रति सेकंद वेगाचा बाण धरून आणि हवेचा अडथळा सोडून केलेला हिशोब बोलका आहे. २० मीटरच्या पिनने २२ मीटरवर मारलं तर बाण साडेतीन सेंटीमीटर खाली. ३० च्या पिनने ३३ वर साडेसात. ४० च्या पिनने ४४ वर साडेतेरा. चूक दर वेळी दहा टक्केच, पण ३० नंतर ती एकटीच वर्तुळ घालवते. लहान टार्गेट लांब वाटतं, म्हणून हरणाच्या आकारावरून अंतर ठरवू नये. मधल्या जमिनीचे निम्मे, मग त्याचे निम्मे असे भाग पाडून मोजावं. मध्ये ओढा किंवा खड्डा असेल तर बाजूच्या सलग जमिनीवरून.

उतारावरून खाली मारताना दोन गोष्टी बदलतात. पिन सरळ आडव्या अंतराची लावायची: ३० अंश उतारावर २० मीटर म्हणजे साधारण १७. आणि शिरण्याची जागा वर जाते, तोच टॅनचा हिशोब, २० अंशाला साडेपाच सेंटीमीटर. वाकायचं ते कमरेतून. नुसता हात खाली केला तर खेच आखूड होते, अँकर (ओढलेला हात चेहऱ्याशी टेकवायची ठरलेली जागा) हलतो आणि पीपमधून (दोरीतल्या छिद्रातून) साइट मध्यावर बसत नाही. आडव्या उतारावर (जमीन डावी-उजवीकडे कललेली असताना) बो नकळत कलतो आणि बाण त्याच बाजूला जातो. साइटवरचा बबल (पातळी दाखवणारा बुडबुडा) पाहण्याची सवय इथे लावून घ्यावी, सपाटीवर तिची किंमत कळत नाही.

बाण उपटताना मागे कोणी उभं नको. एक हात फोमवर टेकवून दुसऱ्या हाताने बाण फोमलगत धरायचा, रबरी पकड घेऊन आणि आत शिरला त्याच कोनात सरळ ओढायचा. तिरके बसलेले कार्बन बाण ओढताना वाकतात. दर वेळी बाण दोन्ही टोकांना धरून कानाजवळ हलका वाकवावा. चरचर आली की तो बाण बाद. पुन्हा लावू नये, सोडताना तो हातात फुटू शकतो.

पुढच्या टप्प्यात पाठमोरा ३० अंश आणि २० अंश उतार एकत्र. तिथे जागा मागेही जाते आणि वरही, आणि दोन्ही हिशोब एकदम डोळ्यांनी करावे लागतात. त्यासाठी अंतर आधी १५ मीटरच ठेवायचं, वाटेचा रकाना भरला की मग वाढवायचं.