निळ्या काठाची गोधडी

14 एप्रिल, रात्री साडेदहा

सकाळी बडोद्याच्या दांडियाबाजारातून येताना फायर स्टेशनसमोर स्कूटर थांबवली. गणवेशातले जवान रांगेत उभे होते. आज अग्निशमन सेवा दिन. 1944 साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटलं आणि आग विझवायला गेलेले 66 जवान गेले, त्यांच्या आठवणीचा. आमच्या घरात मात्र ही तारीख एका पोस्टकार्डाची आहे.

कार्ड ताईआजीचं, म्हणजे माझ्या आजोबांच्या थोरल्या बहिणीचं. मुंबई, 15 एप्रिल 1944. मजकूर चारच ओळींचा: मी अगदी खुशाल आहे, काळजी नसावी, बाळचं गणित कसं चाललंय, दादांना व आईस शि. सा. नमस्कार. दोनच दिवसांपूर्वी तिचं लांबलचक पत्र येऊन गेलं होतं. पणजोबांनी कार्ड दोनदा वाचलं आणि पणजीला विचारलं, “कुणी न विचारता ही खुशाली का कळवतेय?”

बडोद्यात तोवर कुणाला काही माहीतच नव्हतं. दुसरं महायुद्ध चालू होतं, आणि सरकारने बातमी दाबून ठेवली होती. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने ती दुसऱ्याच दिवशी सांगून टाकली, पण आपल्याकडच्या वर्तमानपत्रांना ती छापायची परवानगी मे महिन्यात मिळाली. तेव्हा कुठे घरच्यांना त्या चार ओळींचा अर्थ लागला. जहाजावर सुमारे 1,400 टन स्फोटकं होती, सोबत कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. पेटलेल्या गाठी उडून गोदीबाहेरच्या वस्तीवर पडल्या. ताईआजी त्या दुपारी मुंबईच्या फोर्ट भागात कामावर होती. पत्रं उघडून वाचली जातात हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून घडलेलं काहीच न लिहिता तिने फक्त आपण जिवंत आहोत एवढं घरी पोचवलं. पुढे दिवाळीत रजेवर आली तेव्हाही याबद्दल एकच वाक्य बोलली म्हणे: “जळता कापूस खाली येताना अजिबात आवाज करत नाही.”

“ताई मुंबईला ऑफिसात होती.” घरात तिच्याबद्दल एवढंच सांगायचे. ऑफिस कुठलं, हे कुणी पुढे विचारलं तर चहा यायचा. 

सयाजीराव महाराजांनी 1906 साली राज्यभर मुलामुलींचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, म्हणून पणजीलाही लिहितावाचता येत होतं आणि तिची लेक मॅट्रिक होऊन टायपिंग शिकली. 1942 मध्ये विमेन्स ऑक्झिलरी कोअर, म्हणजे सैन्याची स्त्रियांची साहाय्यक शाखा, उभी राहिली. पुढच्या वर्षी ताईआजी तिच्यात भरती झाली, आणि 1944 मध्ये नौदलाची स्त्रियांची शाखा, विमेन्स रॉयल इंडियन नेव्हल सर्व्हिस, निघाली तशी तिकडे गेली. कामं सगळी किनाऱ्यावरची. टेलिफोन, टंकलेखन, सांकेतिक संदेश. ती संदेशांच्या खोलीत होती. आकड्यांचे गट यायचे, त्यांची वाक्यं करायची, ती वरिष्ठांकडे द्यायची आणि विसरायची. 

मला आठवतं, वाण्याच्या यादीचासुद्धा कागद ती नखाएवढे तुकडे केल्याशिवाय टाकायची नाही. आई म्हणायची, वय झालंय त्यांचं. मीही तसंच समजत होते. आता त्याचं फार वाईट वाटतं.

संध्याकाळी 1945 चा एक फोटो पुन्हा बघत बसले. 3 जून, स्कॉटलंडमधलं रोसाइथ. नौदलाच्या त्याच शाखेतल्या सेकंड ऑफिसर कल्याणी सेन. ब्रिटनला गेलेल्या भारतीय सैन्यदलांतल्या त्या पहिल्या स्त्री. शेजारी त्यांच्या वरिष्ठ अधिकारी मार्गारेट कूपर पाश्चात्त्य गणवेशात, आणि सेनबाई साडीच्या गणवेशात. ताठ, प्रसन्न. मुलींनी पुरुषांबरोबर काम करण्याला आपल्याकडे अजून विरोध आहे, पण त्या इतक्या उत्सुक आहेत की तो मोडून काढताहेत, असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या. आमच्या घरातला विरोध मात्र युद्ध संपल्यावर सुरू झाला. स्थळं पाहताना “पलटणीत होती” हे कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून तिची ती सगळी वर्षं पुसली गेली. लग्न झालं नाही ते नाहीच. तिने मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं.

फेब्रुवारी 1946 मध्ये कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या तळावरून खलाशांचा उठाव सुरू झाला. त्या दिवसांत तिच्या मनात काय चाललं होतं? तिच्याच वयाची आपली मुलं एकीकडे आणि तिने घेतलेली शपथ दुसरीकडे. मी तिला कधी विचारलं नाही. ती गेली तेव्हा मी अकरा वर्षांची, मला तिच्याकडून फक्त पाढे आणि सुधारस हवा असायचा.

1991 च्या पावसाळ्यात ती गेली. पुढच्याच वर्षी नौदलाने वैद्यकीय शाखेबाहेर स्त्री अधिकारी घ्यायला सुरुवात केली. मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायम नेमणुकीचा हक्क दिला, तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले होते. त्या मुलींचं कौतुक आहेच. पण “पहिल्यांदाच” हा शब्द वाचला की माझा जीव तुटतो. त्यांच्या आधी एक पिढी हे करून, गप्प बसून, निघून गेली आहे.

फोटोत साडी पांढरी दिसते, काठ गडद. आमच्या माळ्यावर एक गोधडी आहे. वर आजीची जुनी लुगडी, आणि आतल्या बाजूने एक पांढरी सुती साडी, निळ्या काठाची. लहानपणी थंडीत मी तीच मागायचे आणि आजी दटावायची, “ती नाही, ती ताईंची आहे.” साडी ताईंची, एवढाच अर्थ मी लावला होता. आज खाली काढली. काठ अजून निळा आहे, एका कोपऱ्याला टाके सुटलेत. उद्या मंगळबाजारातून निळा दोरा आणायचा आहे.