पोलोची चाके, नोंद पाचवी: थरथरीचे मूळ सापडले

रविवारी सकाळी पुणे-सातारा रस्त्यावर, खंबाटकी घाटाच्या अलीकडे, माझी फोक्सवॅगन पोलो ताशी ९५ किलोमीटरवर नेली आणि नवी चाके बसवल्यापासून पहिल्यांदाच स्टीअरिंग हातात शांत राहिले. सात आठवडे ज्या थरथरीच्या मागे होतो ती गेल्याची खात्री करून घेण्यासाठी मी शिरवळपर्यंत जाऊन परत आलो, आणि त्या आनंदातच ही नोंद ठरल्यापेक्षा आधी लिहीत आहे. टायरच्या झिजेची जी मोजमापे देण्याचे मागच्या वेळी कबूल केले होते, ती पुढे थोडक्यात येतील.

उजळणीसाठी एवढेच, की मूळ चाके १५ इंची, ६ इंच रुंद, ऑफसेट (चाकाच्या मध्यापासून ते हबला टेकते त्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर, मिलिमीटरमध्ये) ३८ आणि टायर १८५/६० आर १५ (रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) अशी होती, तर नवी १६ इंची, ७ इंच रुंद, ऑफसेट ३५ आणि टायर १९५/५५ आर १६ अशी आहेत. पीसीडी, म्हणजे बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, दोन्हींचा ५x१०० असल्यामुळे तिथे प्रश्न नव्हता. थरथर ताशी ८५ ते ९५ किलोमीटरच्या दरम्यान स्टीअरिंगमध्ये जाणवे आणि १०५ च्या पुढे बरीचशी विरून जाई. अशी लक्षणे दिसली की आपण सगळेच आधी बॅलन्सिंगकडे, म्हणजे रिमला छोटी वजने लावून चाकाचा तोल साधण्याकडे वळतो. मीही दोन वेगवेगळ्या ठिकाणी मिळून तीन वेळा बॅलन्सिंग करून घेतले, आणि तिन्ही वेळा मशीनने शून्य दाखवले.

धागा हाती लागला तो तिसऱ्या वेळी. चाके काढून पुन्हा बसवली, की थरथर तीच न राहता कमी-अधिक होत होती. दोष टायरमध्ये किंवा वजनात असता, तर तो चाकाबरोबरच राहिला असता. दर वेळी बदलत होती ती फक्त चाक हबवर, म्हणजे ते ज्यावर आवळतात त्या फिरत्या भागावर, बसण्याची जागा. बॅलन्सिंग मशीन मधल्या छिद्रात शंकू घालून चाकाचे केंद्र अचूक पकडते, म्हणून तिथे सगळे ठीक दिसते. गाडीवर मात्र ते केंद्र पकडायला हबचा उंचवटा आणि चाकाचे छिद्र यांची घट्ट जोडी लागते. पोलोच्या हबचा व्यास ५७.१ मिलिमीटर आहे आणि बाजारातल्या चाकांचे छिद्र जाणूनबुजून मोठे ठेवलेले असते, म्हणून मधली जागा भरायला हब रिंग वापरतात. मी त्या ७३.१ बाहेर आणि ५७.१ आत अशा मापाच्या प्लॅस्टिकच्या रिंगा चाकांबरोबरच विकत घेतल्या होत्या.

चाक उतरवले तेव्हा आत रिंगच नव्हती. चारही चाकांची हीच गत होती. व्हर्निअरने छिद्र मोजले तेव्हा कारण कळले: खोक्यावर ७३.१ छापलेले असले, तरी प्रत्यक्ष छिद्र ७२.६ मिलिमीटरचे निघाले. अर्ध्या मिलिमीटरमुळे रिंग आत जात नव्हती, आणि बसवणाऱ्याने मला काहीही न सांगता रिंगा बाजूला ठेवून चाके तशीच आवळली होती. रिंग बसत नाही एवढे त्याच दिवशी सांगितले असते, तर माझे सात आठवडे वाचले असते. खोक्यावरच्या मापावर विसंबून न राहता छिद्र स्वतः मोजल्याशिवाय यापुढे मी रिंग घेणार नाही.

दुसरा दोष त्याच वेळी दिसला. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टची बैठक, म्हणजे डोक्याचा चाकाला टेकणारा भाग, गोलाकार असते आणि बाजारातल्या बहुतेक अलॉय चाकांची ६० अंशांच्या शंकूची. माझ्या चाकांत जुनेच गोल बैठकीचे बोल्ट आवळलेले होते, आणि प्रत्येक छिद्रात स्पर्शाची जेमतेम केसाएवढी चकाकती रेघ उमटली होती. एवढ्या अरुंद रेघेवर बोल्टचा ताण टिकत नाही. टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळणारा पाना) लावली, तेव्हा वीसपैकी सहा बोल्ट लगेच फिरले. थरथर हा त्रास होता, पण हा सरळ धोका होता.

७२.६ ते ५७.१ या मापाची रिंग नाना पेठेत तयार मिळाली नाही, म्हणून भोसरीतल्या एका लेथवाल्याकडून अॅल्युमिनियमच्या चार रिंगा कातून घेतल्या. बाहेरचा व्यास ७२.५५ ठेवायला सांगितला होता, आणि त्याने तो चारही रिंगांत इतका नेमका राखला की रिंग अंगठ्याच्या दाबाने आत सरकते आणि चाक उलटे धरले तरी पडत नाही. असे कातकाम हातात घेतल्यावर फार बरे वाटते. पावसाळ्यात अॅल्युमिनियम लोखंडी हबला चिकटून बसते, म्हणून रिंगला आतून ग्रीसचा पुसट हात दिला. बोल्टच्या बैठकीला मात्र ग्रीस अजिबात लावले नाही. नवे बोल्ट एम १४x१.५, शंकूच्या बैठकीचे. ते हाताने आठ पूर्ण फेरे आत जातात आणि मागच्या ड्रममध्ये आत कशाला लागत नाहीत, हे चाक हाताने फिरवून पाहिले. मग चांदणीच्या क्रमाने, म्हणजे एक सोडून एक, १२० न्यूटन-मीटरवर आवळले आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासले. डायल गेजवर रिमचे डोलणे आधी ०.८ मिलिमीटर होते, ते आता ०.१५ आहे.

आता झिजेकडे. टायर नवी असताना ट्रेडची, म्हणजे नक्षीच्या खाचांची, खोली सगळीकडे ७.८ मिलिमीटर होती. २,४०० किलोमीटरनंतर पुढच्या डाव्या टायरची बाहेरची खाच ७.४ आणि आतली ६.९ भरते, शिवाय नक्षीवरून आडवा हात फिरवला तर एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने करवतीसारखे लागते. हे टो, म्हणजे चाके पुढून आत किंवा बाहेर वळलेली असणे, बिघडल्याचे लक्षण आहे. झीज आतल्या कडेला जास्त असल्याने चाके पुढून किंचित फाकलेली असावीत, आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणे, शनिवारी ठरवले आहे.

उरला प्रश्न मागच्या घासण्याचा. चौघे जण आणि सामान घेऊन ताम्हिणीत गेलो, तेव्हा मागचे उजवे टायर फेंडरच्या कडेला घासले. हिशेबाने चाक १५.७ मिलिमीटर बाहेर आले आहे आणि टायरचा व्यास ६०३ वरून ६२१ झाला आहे, त्यामुळे फेंडरची कड आत वळवून घेण्याचे मी जवळपास ठरवले होते. लहान टायरचाही विचार केला. २०५/५० घेतले तर त्रिज्या पाऊण सेंटिमीटरही कमी होत नाही, उलट टायरचा खांदा (बाहेरची कड) ५ मिलिमीटर बाहेर येतो. १८५/५५ ला ७ इंची रिम चालत नाही. १९५/५० घातले तर गाडी सुमारे १० मिलिमीटर खाली बसते, आणि आपल्या गतिरोधकांवर ते मला नको आहे. हे लिहिता लिहिता मात्र लक्षात आले, की घासते ते फक्त उजवे. चाके तर दोन्ही बाजूंना सारखीच आहेत. म्हणून खाली जाऊन हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची दोन्हीकडे मोजून आलो: उजवी बाजू ९ मिलिमीटर खाली आहे.

त्यामुळे कड वळवण्याचे काम तूर्त थांबवले आहे आणि मागच्या चाकांसाठी मागवलेले ५ मिलिमीटरचे स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) परत पाठवत आहे. आधी मागची उजवी स्प्रिंग आणि तिच्या बैठकीचे रबर उतरवून पाहीन, आणि अलाइनमेंट त्यानंतरच्या शनिवारी ढकलेन, कारण गाडी एका बाजूला कललेली असताना पुढचा टो लावून घेण्यात मला अर्थ दिसत नाही.