नाव एकच ठेवा, वितरकाचा तक्ता मात्र स्वतः भरा

स्वतःची पुस्तकं स्वतःच काढणाऱ्या आणि एकाच प्रकारात न अडकलेल्या लेखकांसाठी हे लिहितेय. माझं पहिलं पुस्तक रहस्य कादंबरी, सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यात घडणारी. दुसरं सोलापुरात इंग्रजांनी १९३० साली लावलेल्या मार्शल लॉवर, म्हणजे लष्करी अंमलावर. लेखन, डीटीपी (पानांची संगणकावरची जुळणी), छपाई, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) सगळं पार पडलं. अडले ते वितरकाकडे, आणि तो राग अजून गेलेला नाही.

त्यांच्या नोंदणी अर्जात लेखकाचं नाव, पत्ता, बँकेचा तपशील आणि खाली ‘लेखनप्रकार’ असा रकाना होता. त्यात एकच पर्याय निवडता येत होता. कादंबरी आधी आली, म्हणून तिथे ‘रहस्यकथा’ लागलं. पुढे मार्शल लॉचं पुस्तक दिलं, तर तेही रहस्यकथांतच जाऊन बसलं.

मला हे कळलं अकोल्याच्या एका वाचकाच्या फोनमुळे. “मॅडम, फाशीचा प्रसंग फार छान रंगवलाय. कल्पना कशी सुचली?” मला क्षणभर बोलताच येईना. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला या चौघांना फाशी झाली. आमच्या गावात त्यांचे पुतळे आहेत, चौकाला त्यांचं नाव आहे. त्यांचं मरण कुणाला कल्पित वाटावं, तेही माझ्या पुस्तकामुळे, हे मला सहन झालं नाही.

वितरकाच्या कार्यालयात फोन लावला. तिथला मुलगा म्हणाला, “सिस्टीममध्ये लेखकाला एकच प्रकार बसतो, मॅडम.” मेल केले, उत्तर नाही. पुन्हा फोन केला तर दुसऱ्याच कुणीतरी उपाय सुचवला, “एका पुस्तकाला टोपणनाव घ्या ना. शिरवाडकरांनी नाही का कविता कुसुमाग्रज नावाने लिहिल्या?” लिहिल्या, आणि नाटकं स्वतःच्या नावाने लिहिली. पण ती त्यांची मर्जी होती, कुणाच्या यादीत बसत नव्हतं म्हणून नव्हे. इतिहासाच्या पुस्तकाखाली तर लेखकाचं खरं नाव हवंच, कारण प्रत्येक तारखेचा जाब त्यालाच द्यायचा असतो. ज्या घरांनी जुन्या ट्रंका उघडून मला कागद दाखवले, त्यांनी ते माझ्या नावावर विश्वास ठेवून दाखवले. आणि कादंबरीची मला कसली लाज? तीही माझीच. सोलापूरच्या गिरणगावातली माणसं मला जितकी माहीत आहेत, तितकी दोन्ही पुस्तकांत आहेत.

शेवटी दोन्ही पुस्तकं घेऊन हुतात्मा एक्सप्रेसने पुणं गाठलं. मालकांसमोर बसले. मार्शल लॉच्या पुस्तकाची संदर्भसूची आणि घटनाक्रम उघडून ठेवला: ८ मेचा गोळीबार, १२ मेला लागू झालेला मार्शल लॉ. शेजारी कादंबरी ठेवली. मालकांनी दोन्ही चाळली आणि त्या मुलाला हाक मारली, “अरे, टायटलवार तक्ता काढ.” तक्त्यात प्रत्येक पुस्तकापुढे ‘विषय’ असा स्वतंत्र रकाना होताच! कार्यालयात तो कुणी भरत नव्हतं. रिकामा राहिला की लेखकाचा प्रकार आपोआप तिथे उतरायचा. माझ्यासमोर ‘इतिहास’ असं टाइप केलं आणि काम झालं. एवढ्यासाठी मला झुलवत ठेवलं होतं.

तेव्हा करारावर सही करण्याआधी हा टायटलवार तक्ता मागून घ्या आणि विषय स्वतः लिहा. मागच्या मुखपृष्ठावर बारकोडच्या वर ‘कादंबरी’, ‘इतिहास’ असं ठळक छापा, दुकानदार तेच पाहून कपाट ठरवतो. लेखक परिचय दोन्हीकडे तोच चिकटवू नका. इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही कुठले कागद पाहिलेत ते आधी येऊ द्या, कादंबरीचा उल्लेख शेवटी एका ओळीत पुरे. पण तो गाळू नका.

हो, आयएसबीएनचं राहिलं. तो फुकट मिळतो, अर्ज ऑनलाइन होतो आणि लेखक स्वतःच्या नावाने करू शकतो. मध्यस्थाला पैसे देऊ नका. ईबुक काढणार असाल तर त्याचा क्रमांक वेगळा घ्या. श्रीलिपी या डीटीपीच्या फॉन्टमधला मजकूर ईबुकासाठी युनिकोडमध्ये नेला की रफार आणि जोडाक्षरं तपासा. माझ्या ईबुकाच्या पहिल्या प्रुफात ‘मार्शल’चा रफार पानोपानी उडाला होता. १९५४ च्या कायद्यानुसार छापील पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रकाशनापासून ३० दिवसांत स्वखर्चाने पाठवाव्या लागतात. प्रकाशक तुम्हीच, तेव्हा ते कामही तुमचंच.

आणि वितरकाने दुरुस्ती केली म्हणून निर्धास्त राहू नका. ऑनलाइन दुकानांनी जुनी माहिती आधीच उचललेली असते. एका ठिकाणी मार्शल लॉचं पुस्तक अजून रहस्यकथांत दिसतंय. त्यांना मी परवाच पुन्हा लिहिलंय, सोबत मुखपृष्ठाचा फोटो जोडून.