इथे पाणी कुठवर येतं?

चिपळूणचा माणूस घर बघायला गेला की नळाला पाणी किती वेळ असतं हे मागाहून विचारतो. त्याचा पहिला प्रश्न असतो, "पाणी कुठवर आलेलं?" पुराचं साल सांगावं लागत नाही. आधी ते 2005 असायचं, आता 2021 आहे. मागच्या महिन्यात सिंगापूरच्या पूर्व भागात, तेलोक कुराऊच्या एका गल्लीत फ्लॅट बघताना माझ्या तोंडून तोच प्रश्न गेला. एजंट बाईंना आधी वाटलं, मी नळाच्या पाण्याबद्दल बोलतेय. मग त्यांच्या लक्षात आलं. म्हणाल्या, "मोठा पाऊस झाला तर कोपऱ्यावर साचतं कधीकधी. तासाभरात ओसरतं."

तासाभरात! 22 जुलै 2021 ला आमच्या घरात वाशिष्ठी नदी शिरली, तेव्हा आई वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होती, तिचा फोन बंद, आणि मी पुण्यात. आठवड्याने घरी पोचले तेव्हा तळमजल्यावरच्या पंख्याच्या पात्यांवर गाळ बसलेला होता. तेव्हापासून 'मुसळधार' हा शब्द बातम्यांत ऐकला तरी माझ्या पोटात गोळा येतो.

मी इथे सहा महिन्यांच्या प्रोजेक्टसाठी आले. आता ऑफिस विचारतंय, कायमची येतेस का? नवरा आणि आठ वर्षांची लेक पुण्यात आहेत, आई चिपळुणात. महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. "आम्हीही सिंगापूरचा विचार करतोय, काय वाटतं?" असे मेसेज ओळखीच्यांकडून येत असतात, म्हणून माझा सगळा हिशोब इथे मांडते.

आधी पाण्याचं, कारण माझी झोप त्यानेच उडाली होती. इथे वर्षाला साधारण 2,100 मिलिमीटर पाऊस पडतो. चिपळूणला तीन हजारांच्या वर पडतो, पण तो चार महिन्यांत. इथे बाराही महिने पडतो आणि एकेका दिवशी तास-दोन तासांत एकाच भागावर कोसळतो. कधी भल्या पहाटे सुमात्राकडून वादळ येतं आणि खिडक्या थडथडायला लागतात. बेटाचा जवळजवळ 30 टक्के भाग समुद्रसपाटीपासून पाच मीटरही उंच नाही. डिसेंबर 1978 मध्ये इथे एका दिवसात 500 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता आणि माणसंही दगावली होती. 2010 च्या जूनमध्ये ऑर्चर्ड रोडवर, म्हणजे इथल्या सगळ्यात महागड्या खरेदीच्या रस्त्यावर, पाणी भरलं आणि दुकानांची तळघरं बुडाली.

पण त्यानंतर काय झालं ते मला महत्त्वाचं वाटतं. ऑर्चर्ड रोडचं पाणी वाहून नेणारा स्टॅमफर्ड कालवा अपुरा पडतोय हे मान्य झालं. मग वरच्या अंगाला जमिनीखाली 38,000 घनमीटरची टाकी बांधली आणि पाणी दुसरीकडे वळवायला नवा कालवा काढला. 2018 मध्ये दोन्ही कामं पुरी झाली. पाऊस जोरात असेल तेव्हा पाणी टाकीत थांबतं, उतरला की हळूहळू सोडतात. बोटॅनिक गार्डनला गेलात तर तुमच्या पायाखाली ही टाकी आहे हे कळणारही नाही.

मरिना बराज या बंधाऱ्यावर मात्र मी मुद्दाम गेले, दोनदा. आपल्याकडच्यांना ते पटकन समजेल. वाशिष्ठीला पूर आला आणि नेमकी दाभोळ खाडीला भरती असली तर पाणी उतरत नाही, समुद्र त्याला घेतच नाही. हे चिपळुणात पोरंसुद्धा सांगतात. सिंगापूरच्या चायनाटाऊन, बोट की या सखल वस्त्यांची रड नेमकी हीच होती. 2008 मध्ये खाडीच्या तोंडावर बंधारा बांधला. त्याला नऊ पोलादी दरवाजे आहेत. ओहोटी असेल तर दरवाजे उघडून पावसाचं पाणी समुद्रात सोडतात. भरती असेल तर दरवाजे बंद ठेवून पंप लावतात. असे सात पंप, आणि एकेक पंप सेकंदाला 40 घनमीटर पाणी फेकतो. आपला दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. असे चार टँकर एका सेकंदात, एका पंपाचे! वर हिरवळ आहे, लोक मुलांना घेऊन पतंग उडवायला येतात. मी कठड्याला हात धरून बराच वेळ उभी होते. वाशिष्ठीतला गाळ काढा, एवढ्या एका मागणीसाठी पुरानंतर आमच्या माणसांना उपोषणाला बसावं लागलं होतं. त्या दिवशी मला तेच आठवत राहिलं, आणि रागही आला.

रोजच्या जगण्यातही हे दिसतं. मेट्रोच्या कितीतरी स्टेशनांवर खाली उतरण्याआधी चार पायऱ्या वर चढावं लागतं. मला ते विचित्र वाटायचं, मग कळलं की रस्त्यावरचं पाणी आत जाऊ नये म्हणून दाराचा उंबरा उंच ठेवलाय. मोठे नाले उघडे आणि खोल आहेत, मलय भाषेत त्यांना लॉन्गकांग म्हणतात आणि इथले सगळेच तो शब्द वापरतात. त्यांच्यात सेन्सर आहेत. नाला भरत आला की पीयूबी, म्हणजे इथली जलसंस्था, फोनवर कळवते. 1970 च्या दशकात 3,200 हेक्टर जमीन पूरप्रवण होती, आज ती 30 हेक्टरांच्याही आत आहे. तरी पीयूबी स्वतःच सांगते की पूर अजिबात येणार नाही असं करता येणं शक्य नाही. हा प्रामाणिकपणा मला धीर देतो. समुद्र चढतोच आहे. 2019 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ली सीन लूंग यांनी किनारा वाचवायला पुढच्या काळात 100 अब्ज सिंगापूर डॉलर (पुढेही डॉलर म्हणजे इथलाच) किंवा त्याहून जास्त लागतील असं जाहीर भाषणात सांगितलं. पूर्व किनाऱ्यासमोर भर घालून नवी बेटं उभारायचाही विचार चालू आहे. मी फ्लॅट बघत होते तो भाग त्यांच्याच आडोशाला येईल.

आता पैशाचं. सरकारी इमारतींमधला, म्हणजे एचडीबीचा, 'थ्री रूम' फ्लॅट मला तीन हजार डॉलरच्या आसपास सांगतात. थ्री रूम म्हणजे दोनच बेडरूम, तिसरी खोली हॉल, हे आधीच ध्यानात ठेवा. डॉलर 65 रुपयांचा धरला तर भाडं महिन्याला 1,95,000 रुपये होतं. पुण्यात आमचा गृहकर्जाचा हप्ता त्याच्या चौथ्या हिश्शाइतकाही नाही. विकत घ्यायचा विचार मी केलेलाच नाही, परदेशी माणसाला घराच्या किमतीवर 60 टक्के जादा मुद्रांक शुल्क पडतं. गाडीचं नाव काढू नका. गाडी दहा वर्षं ठेवायच्या नुसत्या परवान्याचा लिलाव होतो आणि तो लाख डॉलरवरही गेलेला आहे. बस-मेट्रो इतकी चांगली आहे की गाडीवाचून अडतही नाही. जेवण हॉकर सेंटरला पाच डॉलरमध्ये होतं. आयकर कमी आहे, पण कामाच्या परवान्यावर, म्हणजे वर्क पासवर, आलेल्या आमच्यासारख्यांना इथला भविष्यनिर्वाह निधी नाही आणि सरकारी दवाखान्यातली सवलतही नाही. हातात येणारा पगार मोठा दिसतो तो त्यामुळेही. म्हातारपणाची तरतूद आपली आपणच बाजूला काढायची.

लेकीला सरकारी शाळेत जागा मिळेलच असं नाही, परदेशी मुलांचा नंबर शेवटी लागतो. शाळेत दुसरी भाषा म्हणून हिंदी घेता येते, मराठी नाही. मराठी घरात आणि महाराष्ट्र मंडळात जपावी लागेल. ते जमेल.

जमत नाहीये ते वेगळंच आहे. नवरा माझ्या पासवर इथे येऊन राहू शकतो, पण 2021 पासून अशा जोडीदाराला नोकरीसाठी स्वतःचा वर्क पास लागतो. नोकरी आधी मिळाली पाहिजे, मग पास. पुण्यातली पंधरा वर्षांची नोकरी सोडून इथे घरी बसायचं? तो म्हणतो, "तू ये म्हणशील तर येतो." हे 'येतो' मला ओझ्यासारखं वाटतं. आणि आई. आईवडिलांना लांब मुदतीच्या पासवर आणायचं तर पगार महिन्याला किमान 12,000 डॉलर लागतो. माझा तेवढा नाही. म्हणजे दर पावसाळ्यात आई तिथे आणि मी पावणेचार हजार किलोमीटरवर, हातात नाल्यांचे मेसेज, तेही या गावच्या नाल्यांचे.

रविवारी तिला व्हिडिओ कॉलवर एचडीबीची इमारत दाखवली. या इमारतींचा तळमजला बहुधा मोकळा सोडलेला असतो, व्हॉइड डेक म्हणतात. तिथे लग्नं होतात, अंत्यविधीची मंडळी बसतात, म्हातारे बुद्धिबळ खेळतात. पुराशी त्याचा काही संबंध नाही. पण आईनं सगळा बघून घेतला आणि विचारलं, "म्हणजे तळमजल्यावर कुणी राहातच नाही?"

"नाही गं."

"शहाणी माणसं आहेत, बाय."

ऑफिसला मी एक वर्षच मागणार आहे. त्या वर्षात नवरा पुण्यातून इथल्या नोकऱ्यांसाठी अर्ज करेल, लेक तिथेच चौथीत जाईल, मी एक खोली भाड्याने घेऊन राहीन. जुलैची सगळी रजा चिपळूणसाठी राखून ठेवायची आणि डिसेंबरात आईला महिनाभर इकडे आणायचं. तिला भरतीच्या वेळी बराजवर उभं करायचं आहे मला. तिचा पासपोर्ट 2021 च्या पाण्यात लगदा होऊन गेला, पुन्हा काढायचं तिनं कधी मनावरच घेतलं नाही. काल रात्री मी इथून तिचा अर्ज भरला.